बोंबील मशीन

त्या पावसाळ्यात आमच्या घरात भांडी बोलत होती. टोपाच्या झाकणावर पळी वाजली की मला हाक. तव्यावर उलथनं वाजलं की जेवायला या. आणि चिमटा दाराच्या चौकटीवर आपटला की समजायचं, कुणाचं तरी काहीतरी चुकलंय, आणि बहुतेक वेळा ते कुणीतरी म्हणजे मीच. याला कारण माझी आई, जिला आम्ही आये म्हणायचो. उन्हाळ्याच्या शेवटी तिला टायफॉइडनं धरलं. ताप गेला, अंगावर पुन्हा मांस आलं, केससुद्धा आले, फक्त आवाज परत आला नाही. म्हणजे आला, पण कसा? फुंकणीतून फुंकर जावी तसा. चुलीपाशी ती काही बोलली तर ओटीवर बसलेल्या बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, ऐकू जात नसे. महाडचे डॉक्टर म्हणाले, घसा बरा आहे, पण आवाज आता एवढाच राहील. आयेनं मान हलवली आणि घरी येऊन पळी हातात घेतली.

दुसऱ्या कुणाचा आवाज गेला असता तर वाडीचं फारसं काही बिघडलं नसतं. माझा गेला असता तर पोलादपूरपर्यंत लोकांनी पेढे वाटले असते. पण आये ओव्या गायची. जात्यावर बसली की तिच्या तोंडून नवी ओवी निघायची, आधी कुणी न गायलेली. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशाला, बाबासाहेबांच्या जयंतीला बायका तिला आधी बसवायच्या, मग सतरंजी घालायच्या. त्या पावसाळ्यात ती जात्यावर बसे, खुंटा धरून जातं ओढी, ओठ हलत, आणि ऐकू यायची ती फक्त दगडाची घरघर. बायकांनी काही दिवस वाट पाहिली. मग त्यांनी तिला बोलवणं हळूहळू बंद केलं. वाईट हेतूनं नाही. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. पण घरी बसून ते कळतंच.

आता माझी ओळख करून देते. मी कमळ, वय सोळा, दोन वेण्या, आणि गावच्या शाळेत शास्त्राच्या पेपरात पहिली. त्या पहिल्या येण्यानं माझं जे काही झालं होतं ते आज आठवलं तरी मला त्या मुलीच्या पाठीत एक धपका घालावासा वाटतो. घरातली एकुलती एक बॅटरी मी दुरुस्त केली होती, म्हणजे तिच्यातले सेल उलटे होते ते सुलटे केले होते, आणि तेव्हापासून मी चालताना जरा मान वर करून चालत असे. बा कशेडी घाटात रस्त्याच्या गँगवर होता. पावसात दरड आली की त्याला घरी यायलाही मिळत नसे. तो आला की मी त्याला विजेचा प्रवाह म्हणजे काय ते समजावून सांगत असे, आणि तो बिचारा चिखलाचे पाय धुता धुता "हां, हां" म्हणत असे.

आयेचं औषध आणायला मी दर आठवड्याला एसटीनं महाडला जायची. दवाखान्यात कंपाउंडरला बाटली भरायला तासभर लागायचा, आणि शेजारीच दाऊदचाचांचं रेडिओचं दुकान होतं. चाचांनी तरुणपणी बोटीवर नोकरी केली होती, वायरलेसच्या खोलीत. आता ते महाडात मेलेल्या रेडिओंच्या ढिगात बसलेले असत. कुणाचा आफ्रिकेतून आणलेला, कुणाचा लग्नात मिळालेला, कुणाचा पुराच्या पाण्यात बुडालेला. एकातली व्हॉल काढून दुसऱ्यात घालायची, असं चाले. व्हॉल म्हणजे काचेची बाटलीसारखी नळी, आत जाळ्या आणि तारा. वीज दिली की आतून निखाऱ्यासारखी लाल होते. या अशा नळ्यांवर ते लाउडस्पीकरची मशीनंही बांधायचे, लग्नात कर्ण्याला जोडतात ती.

एकदा त्यांनी तसलं एक मशीन तपासायला लावलं होतं आणि माईक माझ्यासमोर फळीवर पडला होता. चाचा आत चहा सांगायला गेले. मी त्या माईकला तोंड लावलं आणि अगदी आयेच्या आवाजात, नुसत्या श्वासानं म्हटलं, "पोरी, जेवलीस काय?" आणि वर टांगलेल्या कर्ण्यातून रस्त्यावर गेलं, पोरी, जेवलीस काय. समोरचा भाजीवाला वळून "हो, जेवलो" म्हणाला.

मी तिथेच उठून उभी राहिले. चाचा बाहेर आले तर मी त्यांना सांगितलं, "मला असं मशीन बांधायचंय."

"बांध की. मग चंद्रावर पण जाऊन ये."

"माझ्या आयेसाठी, चाचा. तिचा आवाज एवढाच हाय." मी त्यांना पुन्हा श्वासानं बोलून दाखवलं.

चाचा हसायचे थांबले. माईक उचलून त्यांनी हातात फिरवला. "हे बघ, हे लग्नातलं मशीन हाय. यात माणूस ओरडतो, ते आणखी मोठ्यानं ओरडतं. एवढ्या हलक्या आवाजाला बटण पुरं फिरवावं लागंल, आणि मग कर्णा शिट्टी मारतो, नायतर घूं करत राहतो. तुझ्या आयेला पाहिजे असं मशीन, जे ती बोलत नाय तोवर गप्प बसंल. ते अवघड. माणसांना पण जमत नाय."

हे शेवटचं माझ्याकडे बघून म्हणाले होते, हे मला पंधरा-वीस वर्षांनी कळलं.

मग तो सगळा पावसाळा आम्ही ते मशीन बांधलं. आम्ही म्हणजे चाचा सांगत आणि मी ठिणग्या पाडत. वनस्पती तुपाचा डबा कापून, ठोकून सपाट केला, ती मशीनची बैठक. मोठ्या व्हॉल एका बंद पडलेल्या तंबूच्या सिनेमाच्या यंत्रातल्या. लोखंडी ट्रान्सफॉर्मर मुंबईला बोटी तोडतात तिथल्या भंगारातून आलेला, त्याला अजून समुद्राचा गंज होता. आवाज वाढवायच्या बटणाची टोपी हरवली होती, तिथं मी आयेच्या तोंडाला लावायच्या स्नोच्या बाटलीचं झाकण बसवलं. डाग द्यायला, म्हणजे तारा कथलानं जोडायला, मी एवढी पटकन शिकले की चाचा म्हणाले, "बरा देतेस डाग." त्या तीन शब्दांवर मी महिनाभर जगले.

चाचांचा एक नियम होता. चालू मशीनमध्ये बोट घालायचं तर एकाच हातानं, दुसरा हात पाठीमागे. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाते. बोटीवर त्यांच्यासमोर एकजण असा गेला होता. मी हा नियम एवढा मनावर घेतला की घरी पिठलं ढवळतानासुद्धा डावा हात पाठीशी ठेवू लागले. पाहुण्या बायका आयेला विचारत, "हिचा हात मोडला काय गो?" आये भांड्यावर पळी वाजवून माझ्याकडे बोट करी आणि कपाळाला हात लावी. मला मात्र वाटे, आपण फार रुबाबदार दिसतो. एवढं करूनही एकदा मी दोन्ही हात घातलेच. जाग आली तेव्हा मी चाचांच्या दुकानातल्या रेडिओंच्या ढिगात बसले होते आणि चाचा मोठ्यानं अल्लाचं नाव घेत होते. घरी मी हे सांगितलं नाही. आज इथं पहिल्यांदाच लिहिते आहे, कारण रागावणारं आता कुणी उरलं नाही.

हलका आवाज पकडायला माईक आणि पहिली व्हॉल यांच्यामध्ये एक छोटा, लिंबाएवढा ट्रान्सफॉर्मर लागत होता. तो काही भंगारात मिळेना. चाचा म्हणाले, घरी गुंडाळ. केसासारखी तार, एका जुन्या हेडफोनमधून सोडवलेली, ती कागदाचे थर देत देत गुंडाळायची. तार तुटली की पहिल्यापासून. हे काम आयेनं केलं. मला वाटलं होतं मी करीन, पण माझ्या हातात ती तार श्वासानंही तुटे. आये दुपारी उंबऱ्यात बसे, तार बोटातून सोडी आणि ओठ हलवत राही, जात्यावर हलवायची तसे. ती फेरे मोजते आहे असं मला वाटलं. मी चौकस वैज्ञानिक, मी विचारलं, "किती झाले?" तिनं श्वासानं सांगितलं, "मोजत नाय. गाते." आणि तार तुटली नाही.

पुढे चाचांनी बजावलं होतं: पावसाची हवा हाय, गुंडाळी चांगली सुकव, चार-सहा दिवस गरम जागी ठेव, मग वितळल्या मेणात बुडव, म्हणजे ओल आत जाणार नाय. आता तुम्ही सांगा, आमच्या घरात पावसाळ्यात गरम आणि कोरडी जागा कोणती? एकच. चुलीच्या वर टांगलेली टोपली, जिच्यात वर्षाचे सुके बोंबील आणि जवळा ठेवलेला असतो. जवळा म्हणजे ती बारीक सुकी कोळंबी, जिच्या चटणीवर आम्ही पावसाळा काढायचो. मी त्या टोपलीत बोंबलांच्या मधोमध, अगदी बाळाला निजवावं तसा तो ट्रान्सफॉर्मर निजवला. या शोधाबद्दल मला एवढा अभिमान वाटला की मी वहीत त्याचं चित्र काढलं. सहा दिवसांनी काढला, मेणात बुडवला, मशीनमध्ये बसवला. जागा उरली होती ती सगळ्यात तापणाऱ्या व्हॉलच्या अगदी शेजारी, तिथं. घरी लावून पाहिलं. आयेनं माईकमध्ये श्वास सोडला आणि कर्ण्यातून तिचा श्वास अंगणभर पसरला. कसला वास आला का म्हणाल, तर आमच्या घरात त्या वासाशिवाय दुसरी हवाच नव्हती.

त्याच दिवसांत आमच्या वाडीचा विहार बांधून होत आला होता. मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढली होती, दगड-वाळू वाडीतल्या बायकांनी डोक्यावरून वाहिली होती, आयेनं सुद्धा, तापाच्या आधी. आश्विन पौर्णिमेला उद्घाटन ठरलं. मुंबईच्या मंडळाचे पुढारी म्हणजे बाचे चुलतभाऊ सुदामकाका, टेरिलीनची पँट, बोलण्यात निम्मी मुंबई. त्यांनी जाहीर केलं, "महाडवरून लाउडस्पीकरचा सेट मागवतो. कंपनीचा, एकदम फर्स्ट क्लास. प्रोग्राममध्ये लोचा नको."

बा सहसा बोलत नसे. तो म्हणाला, "सेट येऊ दे. पण पहिली ओवी हिची आय म्हणंल. या मशीनवर."

"अरे, वहिनीला आवाज कुठे हाय? पब्लिक हसेल."

सगळे आयेकडे बघू लागले. आयेनं पळी उचलली नाही. बाच्या जवळ जाऊन त्याच्या कानात काहीतरी म्हणाली. बानं ते मोठ्यानं सांगितलं, "ती म्हणते, एकदाच बसते. लोक हसले तर परत कुणी तिला गायला सांगायचा नाय. घरात पण नाय."

 तोवर मला वाटत होतं की परीक्षा माझी आहे.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी मशीन विहारात नेऊन ठेवलं. भिंतींना नुकताच चुना दिला होता, हात लावला तर गार लागायचा, जमिनीला ओल होती. मी मशीनवर एक धुतलेलं पातळ घातलं आणि निर्धास्त झाले.

उद्घाटनाच्या सकाळी वाडी माणसांनी भरली. वरंधकडचे पाहुणे आले, नाते गावाहून गाणारी पार्टी आली, महाडवरून दाऊदचाचा आले, इस्त्रीचा सदरा घालून. खिरीचा टोप चुलवणावर चढला होता. वंदना झाली, सुदामकाकांचं भाषण कंपनीच्या सेटवर झालं, आणि ते भाषण सावित्री नदीच्या पलीकडे गेलं असावं, कारण तिकडची गुरं उठून चालू लागली. मग आये पुढे येऊन बसली. पांढरं पातळ, हातात काही नाही. मी मशीन सुरू केलं. व्हॉल हळूहळू लाल झाल्या. मी स्नोच्या बाटलीचं झाकण फिरवलं, एक हात पाठीशी, सगळे बघत होते ना.

आणि कर्ण्यातून तड, तडतड, तडतड. तापल्या तव्यावर काहीतरी टाकावं तसा. घरी हा आवाज कधीच नव्हता. मी बटण कमी केलं, वाढवलं, तारा हलवल्या. तडतड. सुदामकाका कंपनीच्या सेटच्या माणसाला खुणा करू लागले. आये माईकसमोर डोळे मिटून बसली होती, आणि तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतले होते.

मग वास सुटला.

आधी मेण वितळल्याचा, आणि मागोमाग चुलीत भाजलेल्या बोंबलाचा. नवा विहार, अगरबत्त्या, फुलं, खीर, आणि त्यात खमंग बोंबील. पहिल्या रांगेतल्या बायका इकडेतिकडे बघू लागल्या. दारातून एक मांजर आलं. मग दुसरं. ती दोघं गर्दीतून शांतपणे चालत आली आणि माझ्या मशीनसमोर शेपटी गुंडाळून बसली, जेवणाच्या पंगतीला बसावीत तशी.

दाऊदचाचा वाकून मशीनपाशी आले, त्यांनी नाक आत घातलं आणि माझ्याकडे बघितलं. "कमळे, गुंडाळी कुठं सुकवलीस गो?"

"चुलीवरच्या टोपलीत."

"कोणत्या टोपलीत?"

मी सांगितलं. चाचांनी डोळे मिटले. "अगो, खारवलेले बोंबील ते. मीठ शिरलं गुंडाळीत. मीठ ओल ओढतं. ओल्या भिंतीत ठेवलंस, मग तडतडंल नायतर काय?"

हे सगळं आम्ही हळू बोलत होतो. पण मशीन चालू होतं, माईक हातभर अंतरावर होता, आणि ते मशीन हळू आवाजासाठीच तर बांधलं होतं. चाचांचा प्रत्येक शब्द कर्ण्यातून डोंगरावर गेला. अगो, खारवलेले बोंबील ते.

 मी आयेकडे बघितलं नाही, बघवलं नाही. आणि मग कर्ण्यातून एक आवाज आला, आधी मला वाटलं मशीनच बिघडलं. खळखळ, मग श्वास, मग परत खळखळ. आये हसत होती. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, त्या मांजरांकडे बघून. ताप आल्यापासून ती हसली नव्हती असं नाही, पण ऐकू कुणालाच आलं नव्हतं. ते हसू विहाराच्या बाहेर गेलं, खिरीच्या चुलवणापाशी गेलं, खाली पोलादपूरच्या रस्त्याकडे गेलं. मग वाडी हसली. पोटं धरून हसली. बासुद्धा.

सुदामकाका म्हणाले, "बंद करा ते, आपला सेट लावा." आयेनं त्यांच्याकडे न बघता हात वर केला, थांबा असा. पदरानं डोळे पुसले, माईकजवळ सरकली आणि त्या तडतडीतच सुरू केलं:

"नव्या विहाराची गं, भिंत अजून ओली,
डोईवर दगडांची, आम्हीच पाटी नेली."

आवाज पूर्वीचा नव्हता. पूर्वी तिचा आवाज अंगणापलीकडे जायचा, हा कानाशी यायचा. जणू ती प्रत्येकीच्या शेजारी बसून तिलाच सांगते आहे. बायका पुढे सरकल्या, पाटी नेलेल्या आधी. मशीन तापत गेलं तशी गुंडाळीतली ओल सुटत गेली आणि तडतड विरळ होत गेली. पण ती पुरती जायच्या आत आयेनं माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की आता काहीतरी येणार:

"लेकीच्या मशिनीत, तडतडतो जवळा,
धरून ठेवलेला माझा, गळा झाला मोकळा."

तेव्हा बायकांनी जी दाद दिली, तीसुद्धा माईकनं उचलली. एक ओवी ठरली होती. किती झाल्या ते मी मोजलं नाही. नाते गावची पार्टी वाद्यं मांडीवर घेऊन ऐकत बसली आणि खीर थंड झाली.

त्या दिवसापासून आजपर्यंत त्याला बोंबील मशीन म्हणतात. चाचा म्हणाले होते, नवी गुंडाळी करून देतो. आयेनं नको सांगितलं. पुढे पुष्कळ वर्षं तिनं त्याच मशीनवर गायलं, आणि मी चाचांच्या दुकानात अशी बसले की त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर मीच होते. मागच्या महिन्यात माझा पुण्याचा नातू मोबाइलवर दाखवत होता, आता शौकीन लोक जुन्या भंगारातून असली व्हॉलची मशीनं हातानं बांधतात, वर सागवानाची पेटी करतात, आणि म्हणतात की याचा आवाज ऊबदार असतो. मी त्याला म्हटलं, बाळा, ऊबदार म्हणजे काय ते मला विचार. मग कपाटावरून मशीन उतरवून लावलं. चांगलं तापल्यावर त्यानं नाक मुरडलं आणि विचारलं, "आजी, काय जळतंय?" खिडकीत शेजारणीचं मांजर येऊन बसलं होतं.

पण मला सांगायची आहे ती उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी उशिरा उठणार होते, मोठं काम केलं होतं ना. अंथरुणात डोळे मिटून पडले होते आणि लोक मला काय काय म्हणाले ते आठवत होते. पळी वाजली नाही. झाकण वाजलं नाही. आयेनं चुलीपाशी बसून मला हाक मारली होती, तिच्या त्या फुंकरीएवढ्या आवाजात, "कमळे." मला ऐकू आली नाही. तिनं दुसऱ्यांदा मारली. तीही नाही. तिसऱ्या वेळी ती उठून आली, माझा कान धरला आणि त्यात हळूच म्हणाली, "मशीन बांधणारीण बाई, आता तुझ्या कानाला पण कर्णा लावू काय?"

मी उठले. त्यानंतर आमच्या घरात पळी फक्त आमटीत वाजली.